अण्णांना पुढे चालू द्या

खारघरला राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 36. ते लिहितात: आई गेल्या वर्षी गेली आणि माण तालुक्यातल्या गावात वडील एकटे पडले, म्हणून त्यांना इकडे आणलं. अण्णांचं वय 71, जन्म सगळा शेतीत गेला. आता जमीन चुलतभावाला वाट्याने दिली आहे. इथे ते दिवसभर गॅलरीत बसून असतात. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. सेंट्रल पार्कला नेऊन पाहिलं, सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपमध्ये नाव घातलं, चांगले बूट आणले, मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ बांधलं. थोडे दिवस आले, मग बंद. म्हणतात, 'बिनकामाचं काय हिंडायचं? आन् हितं झाडं तरी हायती का? समदी शोभंची.' परवा खारघर हिलला जाऊ म्हटलं, तर त्यांनी विषयच मिटवला, 'मला गावाला सोड.' वाचक पुढे म्हणतात, मला स्वतःला आंबा आणि नारळ सोडून एक झाड ओळखता येत नाही, बायको म्हणते त्यांच्या मागे लागू नका. मी अण्णांना इथे कसं रमवू? की गावी पाठवून देऊ?

तुमचं पत्र वाचताना मी 'बिनकामाचं काय हिंडायचं' या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते अण्णांचा हट्ट म्हणून लिहिलंय. मला ते अगदी रास्त वाटलं. हा माणूस आयुष्यभर जेवढं चालला असेल तेवढं तुम्ही-मी दोघांनी मिळून चालणार नाही. पण 'चालायला' म्हणून तो कधी घराबाहेर पडला नसेल. पाणी धरायला, शेरडं हिंडवायला, बाजाराला, बांध कुठे फुटलाय ते बघायला, कुणाच्या मयताला. पायांना कायम काही ना काही काम होतं. त्यांना आपण पार्कात सोडतो आणि सांगतो, गोल फेऱ्या मारा, घड्याळात आकडा वाढला की घरी या. शहरात वाढलेल्याला यात वावगं वाटत नाही, कारण आपण बसून काम करतो आणि चालणं वेगळं काढून ठेवतो. अण्णांना ते वेळ घालवणं वाटतं. त्यात औषध म्हणून चालायचं म्हटल्यावर रोज सकाळी एकच निरोप पोचतो: तुम्ही आजारी आहात.

म्हणून पहिलं काम, ते घड्याळ काढून ठेवा. 'चालायला जाऊ' हे शब्दही काही महिने नकोत.

दुसरं वाक्य, 'समदी शोभंची'. यात अण्णा निम्मे बरोबर आहेत. तुमच्या रस्त्याकडेला गुलमोहर असेल, तो मूळचा मादागास्करचा. मोठ्या छत्रीसारखा पसरलेला पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतून आला. सोनमोहोरही बाहेरचाच. अण्णांच्या हिशेबी झाड म्हणजे ज्याचा कुळव होतो, ज्याच्या शेंगा शेरडं खातात, ज्याच्या सावलीला भाकरी सोडता येते. बाभूळ, लिंब, चिंच, बोर, हिवर. गॅलरीतून खाली बघताना त्यातलं काही दिसलं नाही, तर त्यांना ते ओसाडच वाटणार. मात्र एकदा पर्जन्यवृक्षाखाली पडलेली काळी शेंग उचलून त्यांच्या हातात द्या. मोडली की आत चिकट, गोडसर गर असतो आणि गुरं-शेळ्या ती आवडीने खातात. सांगू नका, नुसती द्या. शेळ्या राखलेला माणूस ती मोडून वास घेतल्याशिवाय राहणार नाही. मग संध्याकाळी त्याच झाडाखाली पुन्हा थांबा. त्याची पानं मिटायला लागलेली असतात.

पण निम्मे ते चुकलेतही, आणि इथे तुमचं एक गृहीत मला तपासून बघावंसं वाटतं. नवी मुंबई म्हणजे टॉवर आणि सेक्टर, असं तुम्ही धरून चाललात आणि तेच अण्णांना दाखवलंत. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 साली स्थापन झाली, आणि हे शहर ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर उभं राहिलं. त्यातली गावठाणं अजून जागेवर आहेत. तुमच्याच खारघरात बेलपाडा, मुर्बी, कोपरा, ओवे आहेत. आपल्याकडची जुनी झाडं बघायची तर गावठाणात, देवळापाशी आणि तळ्याच्या काठाला बघावीत. वड, पिंपळ, उंबर, चिंच. ती कुणी शोभेसाठी लावलेली नाहीत.

तेव्हा सुरुवात डोंगराने करू नका, शेजारच्या गावठाणाने करा. सकाळी दूध किंवा भाजी आणायचं निमित्त काढा, म्हणजे पायांना काम मिळालं. आणि रस्ता तुम्ही ठरवू नका. अण्णांना पुढे चालू द्या, तुम्ही एक पाऊल मागे राहा. ते जिथे थांबतील तिथे थांबा, दोन मिनिटं थांबोत नाहीतर वीस. चिंचेखाली उभे राहिले तर विचारा, 'ही किती वर्षांची असेल?' बुंध्याकडे बघून ते अंदाज सांगतील. बरोबर की चूक, हा प्रश्नच नाही. या शहरात आल्यापासून कुणी त्यांना असं काही विचारलं होतं का, जे त्यांना येतं आणि विचारणाऱ्याला येत नाही? तुमच्या पत्रात तुम्ही त्यांना काय काय दिलं त्याची यादी आहे. त्यांच्याकडून काही मागितल्याचं कुठे दिसलं नाही.

झाडं ओळखता येत नाहीत याची तुम्हाला लाज वाटते, असं तुमच्या शब्दांतून जाणवतं. ती वाटू देऊ नका, उलट वापरा. तुम्हाला येत नाही म्हणूनच तुमचं विचारणं खरं असेल. सुरुवातीला मोबाइल काढून झाडाचा फोटो मारू नका. अण्णा सांगत असताना तुम्ही 'थांबा, बघतो' म्हणून स्क्रीनकडे वळलात की त्यांचं बोलणं तिथेच बंद पडेल. घरी आल्यावर, रात्री, हवं तर पडताळून बघा.

पुढे जाण्याआधी एक व्यवहाराची गोष्ट, जी पुष्कळ घरांत लक्षात येत नाही. म्हातारी माणसं घराबाहेर पडायला नको म्हणतात तेव्हा दर वेळी कारण मनातलंच असतं असं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असेल तर उन्हात बाहेर पडणं त्रासाचं होतं आणि पायऱ्या नीट दिसत नाहीत. गुडघे दुखत असतील. आणि या वयाच्या पुरुषांना वारंवार लघवीला जावं लागतं, बाहेर सोय नसेल या धास्तीने ते निघतच नाहीत, आणि सुनेसमोर हे बोलतही नाहीत. तुम्ही एकटे असताना सरळ विचारा, मुलगा म्हणून. डोळे तपासून घ्या. वाटेत सोय कुठे आहे ते आधी बघून ठेवा आणि जाता जाता सहज दाखवा. बुटांचंही तसंच. ज्याचा जन्म वहाणांत गेला त्याला बंद बूट आणि पेव्हर ब्लॉक दोन्ही बोचतात. पायाला सवयीची, मागे पट्टा असलेली चप्पल चालेल. मातीची कडा असलेला रस्ता शोधा.

आता डोंगर. अण्णांनी खारघर हिलला नकार दिला तो बहुतेक 'पिकनिक' वाटून दिला. पण हा फेब्रुवारी आहे, आणि आपल्या डोंगरांवर या महिन्यात जे चालतं ते चुकवू नये. काटेसावरीची सगळी पानं झडलेली असतात आणि उघड्या फांद्यांवर मांसल लाल फुलं. मैना, बुलबुल, कोतवाल, सगळ्यांची तिथे झुंबड. पांगारा फुललेला असतो, पळस पेटायला लागलेला असतो. पळस तर अण्णांनी गावाकडे पाहिलेलाच असेल, त्याच्या पानांच्या पत्रावळीवर जेवलेही असतील. उताराला फिकट गुलाबी फुलांनी भरलेली बोडकी झाडं दिसतील, ती गिरिपुष्पाची. मूळ मध्य अमेरिकेचं झाड, भराभर वाढतं म्हणून डोंगरांवर पुष्कळ लावलं गेलं. अण्णा त्याला चटकन ओळखतील, कारण हिरवळीच्या खतासाठी बांधावर हे लावा असं शेतकऱ्यांना किती वर्षं सांगितलं जातंय. लोक त्या झाडापाशी सेल्फी काढत असताना अण्णा पाल्याचा हिशेब करतील. ऐकून घ्या. झाडाकडे बघायची ती रीत आपल्याला कुणी शिकवलेली नाही.

वर पठारावर चाफेवाडी, फणसवाडी हे आदिवासी पाडे आहेत. जाताना उजाडल्यावर निघा, ऊन चढायच्या आत परत या, मळलेली वाट सोडू नका. कुणाच्या अंगणात बोलावल्याशिवाय शिरू नका. पण अण्णांना कुणी ओट्यावर बसवून घेतलं, तर घाई करून उठवूही नका, दोन शेतकऱ्यांना बोलायला विषय लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर या डोंगरांना वणवे लागतात. धूर दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. पावसाळ्यात मात्र पांडवकड्याच्या धबधब्याकडे फिरकू नका, तिथे बंदी असते आणि ती योग्यच आहे. गाडी असेल तर पनवेलच्या पुढे कर्नाळा अभयारण्य आहे, 1968 सालचं. एका रविवारला तेही पुरे.

हे वाचणारे ठाणेकर म्हणतील, आमचं काय? आमचं येऊर. मी स्वतः उपवनकडून येऊरच्या रस्त्याला जाते. मार्चमध्ये तिथे कुसुमाला नवी पालवी फुटते ती लालभडक. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, काय फुललंय! जवळ गेल्यावर कळतं की ती पानं आहेत, इतकी कोवळी की देठातून खाली लोंबलेली. काही दिवसांत पोपटी होतात आणि मग ते झाड बाकीच्या झाडांत मिसळून जातं. तो थोडा काळ ज्याने गाठला त्याने गाठला. माझ्या मते येऊरला वर्षातून एकदा पावसात भिजायला जाण्यापेक्षा फेब्रुवारी ते मे दर आठवड्याला जाणं कितीतरी जास्त देतं. नुसता रस्त्यावरून, शांतपणे, गाणी न लावता. हे राष्ट्रीय उद्यानाचं रान आहे, बिबट्याचं घर आहे. अंधारून आल्यावर तिथे आपलं काही काम नाही.

तुम्हाला आणखी एक जागा सुचवते, आणि ती मुद्दाम सुचवते. डोंगरावर अण्णा जाणते आणि तुम्ही अजाण. पण एके दिवशी त्यांना खाडीवर न्या. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे कांदळवन, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारं रान, जवळून बघता येतं. माणच्या माणसाने त्यातलं तिवराचं झाड कुठून पाहिलेलं असणार? तिथे तुम्ही दोघंही नवखे. चिखलातून वर आलेली बोटभर उंचीची मुळं दाखवा. चिखलात हवा नसते म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. मग गळालेलं नव्हे, फांदीवरचंच पान न तोडता हलकेच उलटून बघा. वरची बाजू हिरवी, तुकतुकीत, खालची पांढुरकी. उन्हात धरली की पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. मुळातून वर चढलेला खार हे झाड पानांतून बाहेर टाकतं. जिभेला लावून बघू नका, खाडीचं पाणी आता तेवढं स्वच्छ राहिलेलं नाही. बोट फिरवलं तरी कण लागतात. खारवट जमिनीत पीक कसं जळतं हे शेतकऱ्याला चांगलं ठाऊक असतं. त्याला हे एक पान दिवसभर पुरेल. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे, 2020 साली तो जाहीर झाला, हेही तिथे सांगता येईल. आणि मेच्या आत गेलात तर रोहितपक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसण्याची शक्यता चांगली. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 पासून त्यांचं अभयारण्य आहे.

एवढं सगळं वाचून दर रविवारी नवी जागा गाठायचा बेत करू नका. फिरण्यातला खरा आनंद त्याच त्या वाटेने पुन्हा पुन्हा जाण्यात आहे, असं मला मनापासून वाटतं. एक झाड निवडा. ते घरापासून पायी जाता येईल असं हवं आणि ते अण्णांनीच निवडलेलं हवं. समजा गावठाणातलं उंबर. आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जायचं आणि काय बदललं तेवढं बघायचं. खोडाला थेट लगडलेली फळं केव्हा पिकली, कोणते पक्षी आले, पालवी केव्हा फुटली. एक पिकलेलं उंबर फोडून आतली बारीक चिलटं नातवंडांना दाखवा. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, कारण फुलं सगळी त्या फळाच्या आत असतात आणि त्या चिलटांसारख्या माशीवाचून त्याचं परागीभवनच होत नाही. सीझनवॉच म्हणून एक भारतीय उपक्रम आहे, त्यात साधी माणसं आणि शाळकरी मुलं आपापल्या झाडाची पानं, फुलं, फळं यांची आठवड्याची नोंद पाठवतात. तुम्ही नोंद करा, सांगणारे अण्णा. नाहीतर साधी वही घ्या. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, पावसात साग फुललेला, दिवाळीच्या सुमाराला रस्ताभर सातविणीचा उग्र वास, ज्याने निम्म्या शहराचं डोकं धरतं आणि निम्म्याला तो हवाहवासा वाटतो. एक वर्षभर हे पाहिलेल्या माणसाला हे शहर परकं राहत नाही.

पाऊस सुरू झाला की पनवेलच्या किंवा ठाण्याच्या बाजारात रस्त्याकडेला बसणाऱ्या आदिवासी बायकांकडे अण्णांना न्या. जूनमध्ये त्यांच्याकडे शेवळं ही रानभाजी येते, आणि शेजारी हिरव्या, आंबट काकडांचे वाटे. काकड हे रानातलं झाड. त्याचा आंबटपणा घातल्याशिवाय शेवळं घशाला खवखवतात. भाजी कशी करायची ते त्या बाईला विचारायला सांगा. तुमच्या बायकोलाही या बाजारात यायला आवडेल, असं मला वाटतं. 'मागे लागू नका' हे तिचं म्हणणं बरोबर आहे, ते तिच्यावर चिडून सोडून देऊ नका.

आता मला थोडं कठीण बोलायचं आहे. अण्णांची बायको जाऊन वर्ष झालं. तुम्ही त्यांना 'रमवायचं' म्हणता. झाडं दाखवून, डोंगर दाखवून हे दुःख हलकं होईल अशी तुमची आशा आहे. ती खोटी नाही, पण तिच्यावर मुदत घालू नका. चालता चालता ते आईबद्दल बोलतील. समोरासमोर बसून दोन पुरुष जे बोलत नाहीत ते एका दिशेला चालताना बोलतात. ते बोलले तर विषय बदलू नका. बोललेच नाहीत, तरी काही बिघडलं नाही. मात्र जेवण तुटलं असेल, झोप उडाली असेल, 'आता कशाला जगायचं' असं काही कानावर आलं, तर फिरण्यावर विसंबू नका. डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलिमानस ही 14416 क्रमांकाची फोनसेवा आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि गावाचं काय? तुम्ही दोनच टोकं लिहिलीत: इथे रमवू की तिकडे पाठवू. मधलं काहीच का नको? अण्णा 'मला गावाला सोड' म्हणतात तेव्हा त्यांना कायमचं जायचंय, की आपलं गाव आपल्याला पुन्हा बघता येईल एवढीच खात्री हवी आहे, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. इथलं फिरणं म्हणजे त्यांना थांबवून ठेवण्यासाठीचं आमिष आहे, असा त्यांना वास जरी आला, तरी ते पुन्हा गॅलरीत जाऊन बसतील. म्हणून आधी तारीख ठरवा. पेरणीच्या वेळी आणि सुगीला गावी महिनाभर राहायचं, हे घरात उघडपणे ठरू द्या. तिथे जेवणाखाण्याचं आणि औषधांचं कोण बघेल ते चुलतभावाशी आधी बोला, पैशांसकट. सोडायला जाल तेव्हा लगेच परतू नका, दोन दिवस रजा टाका. सकाळी त्यांच्याबरोबर रानात जा आणि बांधावरचं एकेक झाड विचारून घ्या: कुणी लावलं, कुठल्या दुष्काळात तगलं, आईने कुठल्या सावलीला न्याहारी आणली होती. ती नावं त्याच वहीत लिहा.

मोतीबिंदूची तपासणी मात्र गावी जाण्याआधी, याच महिन्यात उरकून घ्या.